लाल चिंध्यांची दोरी

सायकली आत घ्या आधी. पडवीत नको रे नीलो, आत. बॅटरी रात्रभर गारठली तर सकाळी तिच्या नावाने बोंबलत बसशील. आणि वेन्ला, चुलीतलं लाकूड मी सरकवतो, तू बस. तुझा मामा म्हातारा झाला असेल, पण ही चूल अजून त्याचंच ऐकते.

तर उद्या तुम्हाला सार्किवाराच्या लाकूडतोडीच्या रस्त्याने जायचंय. जा की. लांडगे दिसले तर फोटो काढणार म्हणता, काढा. जिवंत लांडगा सायकलवाल्याच्या वाटेला जात नाही. मला दोनचारदा आडवा आलाय. थांबतो, बघतो, हा कुणी महत्त्वाचा माणूस नाही हे लक्षात आलं की निघून जातो. हसू नकोस नीलो, तुलाही असाच जोखेल तो.

मी सांगतोय ते जिवंत लांडग्यांचं नाही. आणि ऐकीवही नाही. अर्धं कानाने ऐकलंय, अर्धं डोळ्याने पाहिलंय.

दोन हजार एकवीस साल, सहा डिसेंबर, सोमवार. आपल्या फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले, आणि थंडी उणे सत्तावीस. सुरुवात झाली ती कॉफीवरून. सणाचा दिवस, दुकानं बंद, आणि हेल्वीमामी डबा उपडा करून म्हणते, "तौनो, कॉफी संपली." आपल्या लोकांच्या घरात देव नसला तरी चालतं, कॉफी लागते. मी रैमोला फोन लावला.

"एखादा पुडा आहे का रे?"

"एखादा काय, चार आहेत. सौना तापवलीस का?"

"तापतेय."

"मग आलोच. कॉफी माझी, बिअर तुझी."

रैमो तळ्याच्या पलीकडे राहायचा, एकटा. बायको केव्हाच शहरात निघून गेलेली. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून लायसन्स गेलं, पाठोपाठ बंदुकीचा परवाना गेला. मग त्याने ही तुमच्यासारखी जाड, खिळेवाल्या टायरांची बॅटरीवाली सायकल घेतली. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, जाईल तिकडे सायकल. इथून रशियाच्या हद्दीपर्यंतची एकेक आडवाट त्याला पाठ होती. बोलायला तिखट, पण मनाने वाईट नव्हता. निदान मुस्ती जाईपर्यंत.

मुस्ती त्याची शिकारी कुत्री. ऑक्टोबरात सशाच्या मागावर सोडली होती. रानातून तिचं भुंकणं ऐकू येत होतं, ते मध्येच तुटलं. रैमोला नंतर गळ्याचा पट्टा सापडला आणि थोडी कातडी. लांडग्यांनी बस, एवढंच ठेवलं होतं. मला कळतं ते दुःख, माझीही एक कुत्री तशीच गेलीय. पण माणसाचं दुःख निवत जातं. रैमोचं निवलं नाही. जेवताना, सौनाच्या वाफेत बसल्यावर, तोंडात एकच. "एकेकाला बघून घेईन, तौनो. एकेकाला." मी समजावून दाताच्या कण्या केल्या. ऐकेल तर शपथ.

लांडगे कसे कोंडतात ठाऊक आहे तुम्हाला? ताजा बर्फ पडला की पहाटे जंगलाच्या तुकड्याभोवतीच्या रस्त्यांनी चक्कर मारायची. पावलं आत गेलेली दिसली आणि बाहेर आलेली दिसली नाहीत, म्हणजे कळप आत झोपलाय. मोटारीने गेलात तर उठून पळेल. रैमोच्या सायकलला आवाज कुठला? मग सगळ्या बाजूंनी दोरी बांधायची, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि तिला हातहात अंतरावर लाल चिंध्या. तार नाही, काटे नाहीत. चिंध्याच. तरी लांडगा ती ओलांडत नाही. पोराटोरालाही ओलांडता येईल, पण त्याचा पाय उचलत नाही. बाहेर ठरलेल्या जागी बंदुकवाले बसतात, आत माणसं हाकारे घालतात.

परवानगी नसताना असं करणं गुन्हा आहे. रैमोला कुठली परवानगी? त्याने नोव्हेंबरात सार्किवाराच्या जंगलात कळप कोंडला आणि बंदुकवाले बाहेरून आणले. कळप झोपेत होता. एकेक करून सगळे मारले. उरली फक्त कळपाची आई. ती दोरीच्या कडेकडेने धावत धावत रैमो उभा होता तिथे आली.

पुढचं त्यानेच सांगितलं. पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत, हसत हसत.

"समोर येऊन थांबली, तौनो. धापा टाकत होती. मी दोरी धरली आणि उचलली वर. अशी, डोक्याएवढी. म्हटलं, या बाईसाहेब, दार उघडं आहे. बघत राहिली माझ्याकडे. बराच वेळ. आणि मग आली की माझ्या हाताखालून! दहा पावलांवर आपला माणूस बसलाच होता. बरगडीत बसली गोळी."

टेबलापाशी कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "रैमो, मारायचं तर मार. पण दार उघडून मारू नये."

"आणि माझ्या मुस्तीला मारलं ते?"

"दार उघडून नाही ना मारलं? त्या लांडगीने तरी तसं केलं नाही."

तो कप आपटून उठला. पुढे पोलीस आले, रैमोच्या कोठारातून दोरीची गुंडाळी काढून घेऊन गेले. एवढं नीट लक्षात ठेवा, की दोरी गेली होती. मी स्वतः ती पोलिसांच्या गाडीत चढताना पाहिली.

हां, तर सहा डिसेंबर. मोठा रस्ता तळ्याला वळसा घालून येतो, सार्किवाराचा जवळ पडतो. रैमो जवळच्याने निघाला. इकडे सहा वाजले तसं हेल्वीने खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. त्या संध्याकाळी सबंध फिनलंडात खिडकी तिथे दोन मेणबत्त्या, तुम्हाला काय सांगायचं. बाहेर काळोख इतका की आमचं कोठारसुद्धा दिसत नव्हतं.

सातच्या सुमारास फोन वाजला. रैमोला टोपीखाली कानात ते फोनचं बोंड घालून सायकल चालवता चालवता बोलायची सवय.

"तौनो, इथे रस्त्यात कुणीतरी दोरी बांधलीये."

"कसली दोरी?"

"अरे कसली म्हणजे... तीच. लाल चिंध्यांची."

"ती पोलिसांकडे आहे."

"मग ही कुणाची? कुणीतरी माझी थट्टा मांडलीये. सापडू दे हरामखोर, कान उपटतो."

"नंतर उपट. आधी ओलांड आणि ये. सौना तापलीये."

बर्फावर टायरच्या खिळ्यांची करकर ऐकू आली.

"ओलांडलीस?"

"नाही. मागे वळलो. मोठ्या रस्त्यानेच येतो."

"गुडघ्याएवढी दोरी आणि मागे वळलास?"

"पाय उचलला रे मी," तो म्हणाला. "होत नाही."

मला हसू आलं. म्हटलं, घरूनच चढवून निघालाय. तेवढ्यात करकर थांबली.

"तौनो... इकडेही आहे."

"काय?"

"दोरी. मी आत्ता इथूनच आलो. माझ्या टायरची खूण आहे. खुणेवर दोरी आहे."

आता त्याच्या आवाजात दारूबिरू नव्हती. मी उठून उभा राहिलो. हेल्वीने माझं तोंड पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

"फोन ठेवू नकोस," तो म्हणाला.

"नाही ठेवत. मी ट्रॅक्टर काढतो. तू रस्ता सोडू नकोस."

"बसलेत, तौनो."

"कोण?"

"दोरीच्या बाहेर. झाडांखाली. आपली माणसं बसली होती ना... बरोबर त्याच जागी. एकेक."

"माणसं आहेत?"

मी ओरडलो.

"रैमो! माणसं आहेत का?"

"...नाही."

मी बूट चढवत होतो. हेल्वी कोट घेऊन आली. एवढ्यात रैमो एकदम हसला. मोठ्याने. सुटल्यासारखा.

"अरे घर आहे इथे! खिडकी दिसतेय. दोन मेणबत्त्या. सुटलो रे बाबा. जातो आणि दार ठोठावतो."



"रैमो, त्या रस्त्याला घर नाही."

"दिसतंय ना मला! दोन ज्योती. शेजारी शेजारी."

"नाही रे. कधीच नव्हतं. तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"जुनं घर असेल. खिडकी जरा खाली आहे."

"किती खाली?"

मी दुसरा बूट चढवला.

"...कमरेएवढी."

मी म्हटलं, "तुझा दिवा विझव. लांडग्याचे डोळे उजेडात चमकतात. दिवा गेला की तेही जातील. विझव."

टक्.

"विझवलास?"

"हो."

"गेले?"

श्वास. आणखी एक श्वास.

"...नाही."

हेल्वी तोंडाला रुमाल लावून उभी. आमच्या खिडकीतल्या दोन ज्योतींकडे बघण्याची माझी हिंमत होईना.

"तौनो."

"बोल."

"दोरी वर चाललीये."

"कोण उचलतंय?"

"कुणी नाही. आपोआप. छातीएवढी... डोक्याएवढी."

"रैमो, ऐक. जाऊ नकोस. दोरी उचलली की पुढे काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आतच थांब. हात चोळ, पाय आपट, नाच, काहीही कर. मी येतोय."

"फार थंडी आहे रे."

"आतच थांब!"

"बघतेय माझ्याकडे... कधीची बघतेय..."

"रैमो..."

"दार उघडं आहे म्हणतेय."

मग टायरच्या खिळ्यांची करकर. अगदी सावकाश. थोडी. आणखी थोडी.

मग नाही.

फोन तुटला नव्हता. मी एका हाताने ट्रॅक्टर चालवला, दुसऱ्याने फोन कानाला धरला. हाक मारत होतो. पलीकडून काही नाही. वारासुद्धा नाही.

सार्किवाराच्या रस्त्याला लागलो आणि दिव्याच्या उजेडात त्याच्या टायरची खूण दिसली. माझ्याकडे सरळ येत होती, आणि मोकळ्या रस्त्यावर, समोर काही नसताना, गर्रकन मागे वळली होती. जिथून वळली तिथे मी उतरलो. दोरी नाही. चिंधी नाही. झाडाच्या सालीवर घासल्याची खूण नाही. मी चालत पुढे गेलो. थोड्या अंतरावर खूण पुन्हा आली होती, पुन्हा वळली होती. मग रस्ता सोडून झाडांत, तिथेही वळली. पुन्हा वळली. कोंडलेला लांडगा जसा फिरतो, तसा माणूस सायकलवर फिरला होता. आणि पोरांनो, लांडग्याचं पाऊल एकही नाही. कुठेच नाही. कोरा बर्फ.

एकाच ठिकाणी खूण सरळ बाहेर गेली होती. तिथून दहा पावलांवर सायकल आडवी पडली होती. तिच्यापलीकडे रैमो, कुशीवर. डोळे उघडे. हाक मारली, गालावर चापटी मारली, छाती दाबत बसलो. कोट काढून त्याच्यावर घातला. काही उपयोग झाला नाही.

दाताचा ओरखडासुद्धा नव्हता अंगावर. डॉक्टर म्हणाले, थंडी आणि हृदय. असेल. मी रडलो त्याच्यासाठी, लहानपणापासूनचा दोस्त होता. आणि खोटं कशाला बोलू, रडता रडता मनात येत होतं की त्या लांडगीने हिशोब चुकता केला, अगदी त्याच्याच रीतीने. सूड म्हणतात तो हाच. वर आणखी, तिने त्याला निवड करायला वेळ दिला होता, त्याने तिला दिला होता तेवढाच.

त्याचं असं जवळचं कुणी नव्हतं, म्हणून त्याचे कपडे हॉस्पिटलने माझ्याकडे दिले. पिसांचं जाडं जाकीट होतं त्याचं. घरी आणून हेल्वीने ते टेबलावर पसरलं आणि मला हाक मारली. डाव्या काखेखाली, बरगडीपाशी, बोट जाईल एवढं गोल भोक. कडा जळून काळ्या झालेल्या. आतली पिसं करपलेली. त्याखालचा स्वेटर मात्र धड, सदरा धड. डॉक्टरांना मी मुद्दाम फोन करून विचारलं. म्हणाले, कातडीवर काही नव्हतं. पोलीस म्हणाले, चुलीची ठिणगी उडाली असेल कधीतरी. मी मान हलवली.

ठिणगीचं भोक कसं असतं ते मला कळतं, आणि गोळीचंही कळतं. पण फोन त्याने केला तेव्हापासून मी त्याच्याजवळ पोचेपर्यंत माझ्या कानाला होता, आणि त्या सगळ्या वेळात बार झालेला मी ऐकला नाही.