अकरा वेळा वाचलेला जादूगार

"तात्या, खाली या. आत्ताच्या आत्ता. धाकटी बाहेर गेलीय तोवर."

फोन खालच्या मजल्यावरच्या नकाशेवाल्याचा होता. तात्या जिना उतरले ते एक पायरी सोडून एक. वय त्र्याहत्तर, पण कुठे घोळ आहे म्हटलं की गुडघे आपोआप बरे व्हायचे. तीस वर्षं त्यांनी परीक्षांच्या पेपरांची फेरतपासणी केली होती. त्या काळात तपासलेल्या बेरजा एकीला एक जोडल्या असत्या, तर चंद्रापर्यंत जाऊन परत आल्या असत्या. आणि तात्यांनी त्यातही दोन मार्कांची चूक काढली असती.

नकाशेवाला खुर्चीत ताठ बसला होता. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याचा उजवा डोळा नेला, मग डाव्यातलाही उजेड आटला. आता आवाजाच्या दिशेने मान वळायची, इतकंच.

"माझी धाकटी बहीण माझ्याशी खोटं बोलतेय," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"फाशाबद्दल."

तात्यांना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं.

"हसू नका. ऐका. दर रविवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानात आम्ही खेळतो. तो खेळ चालवतो, राक्षस-बिक्षस त्याचे. मी जादूगार. त्याच्या राखेच्या राणीने माझ्यावर मंत्र टाकला की मला फासा टाकावा लागतो. वीस बाजूंचा. त्यात माझा प्रतिकार मिळवायचा, तीन. बेरीज मंत्राच्या काठिण्यापर्यंत पोचली तर वाचलो, नाही पोचली तर दगड."

"आणि काठिण्य किती?"

"आठ अधिक राणीची ताकद. ती तिच्या कार्डावर आधीच लिहिलेली असते, पण कार्ड पुठ्ठ्याच्या आडोशामागे. माझा अंदाज, निम्मी-निम्मी शक्यता. आणि मी लागोपाठ अकरा वेळा वाचलोय, तात्या!"

तात्यांनी मनात दुपटी केल्या. दोन हजार अठ्ठेचाळीसात एकदा. अशा निकालावर त्यांनी अख्खं परीक्षा केंद्र रद्द केलं असतं.

"फासा बोटांनी चाचपून बघत नाहीस?"

"आकडे रंगवलेले आहेत, कोरलेले नाहीत. वाचते धाकटी. आणि वाचताना तिचा आवाज कापतो. खोटं बोलणाऱ्याचा कापतो तसा."

"असेल दया आली. एवढं काय त्यात?"

नकाशेवाल्याने खिशातून पाकीट काढलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं, बंद. कोपरे हाताळून मऊ पडलेले.

"पंधरा दिवस झाले. हिनेच वाचायचं ना? परवा म्हणाली, 'छान दिसतोयस.' आमच्यात खेळणाऱ्या शिंपीणबाई म्हणाल्या, बटणं वरखाली आहेत."

बटणं आजही वरखालीच होती.

"दे, मी वाचतो."

"आज तुम्ही वाचाल. उद्याचं कोण वाचेल? परवाचं? मला आता तिच्याच डोळ्यांनी जगायचंय, तात्या. ते खरे आहेत की नाहीत, एवढंच सांगा."

*

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आतल्या खोलीत टेबल, भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं. आडोशामागे चष्मेवाला, समोर नकाशेवाला, त्याला खेटून धाकटी, पलीकडे खेळातली दरोडेखोर शिंपीणबाई.

"या तात्या! तुम्ही कोण होणार? बुटका की राक्षस?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"मी पर्यवेक्षक." तात्यांनी फासा उचलून वीसदा टाकला. आकडे हवे तसे विखुरले. फाशात खोट नव्हती. मग त्यांचं लक्ष धाकटीसमोरच्या वहीकडे गेलं.

"ही कशाची?"

"सगळ्यांचे फासे लिहिते त्यात. पहिल्या दिवसापासून."

"कशासाठी?"

तिने भावाकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणला. "त्याला दिसायला लागलं की वाचेल म्हणून."

तात्यांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग वही पुढे ओढली आणि बोट फिरवत पानं उलटली. एका पानावर बोट थांबलं. बऱ्याच पानांनंतर पुन्हा थांबलं.

"शिंपीणबाई, राखेच्या राणीने तुमचा कधी दगड केला होता?"

"केला तर! चार रविवार कोपऱ्यात उभी होते. एका आकड्याने हुकलं म्हणाले."

"चष्मेवाले, त्यानंतर राणीची ताकद घटली का?"

"छे. राणी तीच," चष्मेवाला म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याने ओठ मिटले.

"मग झालं," तात्या म्हणाले. "आता मी मार्क वाचतो, कुणी मध्ये बोलू नका. हे पान. शिंपीणबाई: फासा नऊ, प्रतिकार चार, बेरीज तेरा. दगड. म्हणजे राणीचं काठिण्य तेराच्या वर. हे दुसरं पान. जादूगार: फासा आठ, प्रतिकार तीन, बेरीज अकरा. वाचला! पुढे फासा सहा, बेरीज नऊ. तरी वाचला. तेराला बाई दगड होतात आणि नऊला हा जिवंत. राणी तीच, मंत्र तोच."

नकाशेवाल्याची मान वळली. "सहा? ती सहा म्हणाली होती?"

"मोठ्याने, सगळ्यांसमोर. तुझं लक्ष आकड्यात नव्हतंच, तिच्या आवाजात होतं. अरे, जिला वाचवायचंय ती सहा कशाला म्हणेल? अठरा नाही का म्हणणार? आवाज कापत होता, कारण तिला वाटायचं की आता तू गेलास. तिने एकदाही फासा बदलला नाही. बदलत होता तो आकडा आडोशापलीकडे होता. फासा ऐकून झाल्यावर."

सगळे चष्मेवाल्याकडे बघायला लागले. त्याने कार्ड उलटं करून टेबलावर सरकवलं. राणीची ताकद, सहा.

"चौदा हवे होते," तो म्हणाला. "दर वेळी चौदाच हवे होते."

"का रे?" नकाशेवाल्याने विचारलं. "कीव आली?"

"कीव नाही." चष्मेवाल्याचे हात टेबलावर नुसते पडून होते. "तू पहिल्यांदा आलास तेव्हा म्हणालास, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. आठवतं? मी नंबर बदलून दिला. पुन्हा आलास, पुन्हा बदलला. तीनदा. पहिल्याच दिवशी तुला डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. डोळ्यातला दाब तपासायला. तेव्हा... तेव्हा वेळ होता."

शिंपीणबाईंचा हात तोंडावर गेला. तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, बेरीज चुकली असती तर बरं झालं असतं. सुधारायला लाल पेन खिशात होतं, पण सुधारायचं काय?

नकाशेवाल्याने तळहात पुढे केला.

"फासा."

"आज नको रे," चष्मेवाला म्हणाला.

"टाक तुझ्या राणीचा मंत्र. कार्ड उघडं ठेव."

फासा घरंगळला, वहीला आपटला, थांबला. तात्यांना वरचा आकडा दिसला, एकाने कमी. धाकटीलाही दिसला. तिने एकवार तात्यांकडे पाहिलं. तात्या भिंतीवरची अक्षरं वाचू लागले.

"दहा," ती म्हणाली. आवाज कापला.

"दहा नि तीन तेरा. एकाने गेलो." नकाशेवाल्याने श्वास सोडला. "झाला दगड. शिंपीणबाई, तुमच्या कोपऱ्यात जागा आहे ना?"

"ये," शिंपीणबाई कशाबशा म्हणाल्या. "आणि आधी ती बटणं नीट लाव."

त्याने बटणाला हात लावला नाही. खिशातून पाकीट काढलं आणि बहिणीच्या दिशेने धरलं.

"आता हे वाच. आहे तसं."

धाकटीने पाकीट फाडलं. कागद एकच होता. तिने तो आधी मनात वाचला, मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला घेतला. उजवा डोळा. डावा डोळा. दाबाचे आकडे. सुधारणेची शक्यता.

तिचा आवाज कापत होता. या वेळी तो आकडे ऐकत होता.