मधल्या रांगेतले शुभेच्छुक

भुईगावच्या नाक्यावर एक माणूस भर रस्त्यात उभा राहून मी बनवलेल्या बॅनरचा फोटो काढत होता, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून दमला होता. मी स्कूटर लावली आणि तडक त्याच्याकडे गेले.

"परवानगी आहे त्या बॅनरची," मी म्हटलं. "दुकानात या, कागद दाखवते."

तो दचकला. चष्म्यावर भुरभुर पाऊस बसला होता, त्यातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "मी... मी महापालिकेचा नाही हो. कॉलेजात शिकवतो."

"मग फोटो कशाला?"

"अभ्यासासाठी."

"बॅनरच्या?"

"हो," म्हणाला, आणि इतकं गोड हसला की माझा राग... गेला नाही, पण खाली बसला.

बॅनरवर गावातली सीए झालेली एक मुलगी होती. भोवती गुलाब, वर 'गावाची शान', खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. आणि फोटो काढणारा हा विघ्नेश. याच गावचा, केळीच्या वाडीवाल्यांच्या घरातला, कॉलेजात तासांवर समाजशास्त्र शिकवणारा. वेगवेगळ्या देशांत उच्च शिक्षणाचं आणि समाजाचं नातं कसं असतं, यावर त्याचं संशोधन चाललं होतं.

"जर्मनीत बघा," तो पावसातच सुरू झाला, "सरकारी विद्यापीठात फी जवळपास नसतेच. सगळ्यांच्या करातून खर्च होतो. पण कुणी पीएचडी झालं तर शेजाऱ्याला पत्ता नसतो. आणि आपल्याकडे? फी बापाने भरायची आणि बॅनरवर अख्खं गाव! असं का?"

"निवडणूक जवळ आली की कळेल," मी म्हटलं. "शुभेच्छुकांना स्वतःचा फोटो लावायला निमित्त लागतं. ही पोरगी म्हणजे निमित्त."

"हे... हे लिहून घेऊ?"

"घ्या की. माझं नाव पण टाका. क्षितिजा."

अगं बाई, त्याने खरंच मोबाइल काढून लिहून घेतलं!

माझं वसईत फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मी करते, छपाई सातिवलीच्या गाळ्यात होते. घरी आई-बाबांना अजून वाटतं की मुलगी कधीतरी 'नीट' नोकरी करेल. तर विघ्नेश त्या दुकानात यायला लागला. आधी जुने बॅनर बघायला, मग नवे बघायला, मग काहीच न बघायला. दुसरी मुलं फुलं आणतात. हा वाडीतल्या वेलची केळ्यांची फणी आणायचा आणि माझ्या कीबोर्डवर ठेवायचा.

"कोरियात प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकायचा पेपर असतो ना, तेव्हा विमानंसुद्धा थांबवतात," एकदा म्हणाला. "मुलांना आवाज नको म्हणून. अख्खा देश गप्प बसतो."

"आणि आमच्याकडे बारावीच्या पेपरला शेजारी हळदीचा डीजे," मी म्हटलं. तो खो-खो हसला. हसताना चष्मा काढायचा आणि शर्टाला पुसायचा, आणि मी त्या वेळी मुद्दाम स्क्रीनकडे बघायचे. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

सगळं छान चाललं होतं. फक्त दर दोन वाक्यांनंतर एक नाव यायचं. एमिली.

एमिली म्हणते जर्मनीत असं असतं. एमिली म्हणते तिथे कारखान्यात शिकलेल्या मुलालाही मान असतो. एमिलीने पुस्तक पाठवलं. एमिली, एमिली! त्याच्याच गल्लीत वाढलेली, आता जर्मनीत एमए करणारी. मला वाटायचं, असेल कुणीतरी जाड भिंगाची. मग ती सुट्टीत घरी आली, आणि त्याच्या बाइकवर मागे बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, माझ्या दुकानात आली.

जाड भिंगाची कसली! कमरेपर्यंत केस, गालाला खळी. "विघ्या, हेच का ते तुझं दुकान?" म्हणाली. विघ्या! मी त्याला सर म्हणून चिडवायचे आणि ही विघ्या म्हणते. ती कीबोर्डवरची केळी उचलून सोलून खायला लागली, तेव्हा तर मला तिच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली.

"छान आहेत ना?" तिने मला विचारलं.

"माझ्यासाठीच आणतो," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. विघ्नेश घाईघाईने चष्मा पुसायला लागला.

त्यानंतर चार-पाच दिवस तो फिरकला नाही. आला तो भुईगावच्या मंडळाचा जितेश, ऑर्डर घेऊन.

"ताई, मोठा बॅनर पायजे. विघ्नेश सर आणि एमिली. दोघं चाललेत जर्मनीला, पीएचडीला."

"दोघं?"

"हो ना! सरांना पण तिथली स्कॉलरशिप लागली. तुम्हाला नाय माहीत?"

नव्हतं माहीत. मला एका गिऱ्हाइकाकडून कळत होतं! कानशिलं तापली. मी माऊस घट्ट धरला आणि म्हटलं, "फोटो पाठव."

"दोघांचे मोठे टाका, बाजूबाजूला. मागे विमान."

आता आमच्या धंद्यात दोन मोठे फोटो बाजूबाजूला म्हणजे साखरपुडा. जितेश गेल्यावर मी ते लावून बघितलं. तो निळ्या शर्टात, ती खळी पाडून. दिसत होते हो शोभून! मेले शोभूनच दिसत होते. मी दोन मिनिटं बघत बसले, डोळे भरले, आणि मग मला जो काही राग आला...

विघ्नेशला उचलून नेला डाव्या टोकाला. एमिलीला उजव्या. मध्ये मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, क्रिकेट टीमचा कॅप्टन, चर्चच्या युवक संघाचे फर्डिनंड अंकल, भजनी मंडळाचे बुवा, आणि तरी फट राहिली म्हणून जितेश. विमान टाकलं एमिलीच्या डोक्यावर, तोंड बाहेरच्या बाजूला. विघ्नेशच्या डोक्यावर नुसतं आकाश.

जितेशला नमुना दाखवला. त्याने स्वतःचा फोटो बघितला, चांगला मोठा होता, आणि "एक नंबर, ताई" म्हणून गेला. बॅनर नाक्यावर चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एमिली आली. एकटी.

"माझा फोटो मला शोधावा लागला," ती म्हणाली.

"शुभेच्छुक जास्त होते."

"विघ्या आवडतो ना तुला?"

मी फ्लेक्स कापायची कात्री खाली ठेवली. "तुला?"

"मला पण," ती सरळ म्हणाली. "गेल्या नाताळात विचारलं होतं त्याला. नाही म्हणाला. तेव्हा तू नव्हतीस, उगाच हवेत उडू नकोस. पण परवा परत विचारलं. म्हटलं, दोघं एकाच गावात जातोय, बघ अजून. तर म्हणाला, जायचं की नाही हेच अजून ठरलं नाही, आधी दुकानात विचारायचंय. मला कळेना, दुकानात काय विचारायचं? काल बॅनर बघितल्यावर कळलं."

ती हसली, पण खळी पडली नाही.

"त्याला जाऊ दे, क्षितिजा. एवढी चांगली संधी परत येत नाही," म्हणाली आणि निघाली. मला तिचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण ती रस्ता ओलांडेपर्यंत मी तिचे केसच बघत होते. जळणं काही थांबत नव्हतं.

संध्याकाळी तो आला. बाहेर पागोळ्या गळत होत्या, शर्ट खांद्यावर भिजलेला. दारातच उभा राहिला.

"अभिनंदन," मी म्हटलं. "मला जितेशकडून कळलं."

"मी अजून हो म्हटलेलंच नाही. आईने शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी मंडळाला... आपल्याकडे माणसाआधी बॅनर निघतो. आणि मी इकडे यायला घाबरत होतो."

"कशाला?"

"तू 'जा' म्हणशील म्हणून. आणि 'नको' म्हणशील म्हणूनही." तो आत आला. "मध्ये अख्खं गाव उभं केलंस."

"जागा उरली होती."

"आणि मला विमान नाही?"

"जितेशने एकच सांगितलं होतं."

"क्षितिजा, मी इतके देश वाचले. शिकणाऱ्याच्या मागे समाज कसा उभा राहतो तेच शोधत होतो. मध्ये उभा केलेला पहिल्यांदा बघितला."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी म्हणून टाकलं, "जळते मी! एमिलीवर जळते, तिच्या केसांवर जळते. त्या जर्मनीवर जळते, जिचं कौतुक करताना तुझे डोळे असे चमकतात."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. हळू, पण एकदाही न अडखळता. "खूप आवडतेस. गावाच्या आधी मीच येऊन सांगायला हवं होतं. आता तू म्हण... राहू?"

'राहा' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. नुसतं म्हणायचं होतं. तो राहिला असता, रोज केळी घेऊन आला असता, तासांवर शिकवत राहिला असता. आणि म्हातारपणीसुद्धा म्हणाला असता, जर्मनीत असं असतं...

"जा," मी म्हटलं.

"नक्की?"

"तू गेला नाहीस तर तो देश जन्मभर देखणा राहील. त्याच्याशी मी कशी भांडू? जा, राहा, तिथली थंडी खा, तिथल्या लोकांना कंटाळ. मग ये."

"आणि तू?"

"मी जळत बसेन. रोज फोनवर ऐकवेन. एमिलीबरोबर स्वयंपाक केलास तर दोनदा ऐकवेन."

तो हसला, आणि या वेळी चष्मा न पुसता नुसता बघत राहिला. मीही स्क्रीनकडे बघितलं नाही.

"उद्या माझ्या घरी ये," मी म्हटलं. "आई-बाबांना विचार."

"काय विचारू?"

"एवढं संशोधन करतोस, एक प्रश्न तयार करता येत नाही?"

त्याने माझा हात धरला. माझ्या बोटांना ताज्या फ्लेक्सचा वास होता, त्याच्या हाताला पावसाचा गारवा. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक आलं, दारातून आत डोकावलं आणि शहाणं असल्यासारखं परत गेलं.

"परत येईन मी," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. माहीत नव्हतं. तरी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला ते खरं वाटायला लागलं.