अरुणाकाकूंच्या पुड्या

मंगळवार पेठेत रफिक शिकलगारच्या भंगाराच्या दुकानाला पाटी नाही. आसपासच्या गल्ल्यांतला सुका कचरा आणि दुकानांतली खोकी-बाटल्या त्याच्या हातगाडीवरून तिथं येतात; ओला कचरा घंटागाडीतून गाणं म्हणत जातो. निदान नियम तसा आहे. प्रत्यक्षात सुक्यात भाताचे चार घास निघतातच, आणि ते बहुधा स्वच्छतेचं बक्षीस मिळालेल्या घराचे असतात.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रफिकची बायको नसरीन हे सगळं निवडत बसते. प्लास्टिक प्लास्टिकात, पत्रा पत्र्यात. हातमोजे आहेत, ते खिळ्याला टांगलेले असतात. "मोजं घालून निवडायचं म्हंजे फडक्यातनं मीठ चाखायचं," असं तिचं म्हणणं. तिला साखरेचा आजार. जखम झाली की भरायचं नाव घेत नाही. त्यामुळे तिला जगात दोनच गोष्टी मोठ्या होत्या: फुटक्या काचेची धास्ती आणि गल्लीतल्या अरुणाकाकू चौगुल्यांचा आधार.

काच फुटली की लोक ती पिशवीत कोंबतात आणि वर चिवड्याचं पाकीट टाकून मोकळे होतात. अरुणाकाकू तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, देवाच्या फुलपुडीचा साठवलेला पांढरा दोरा त्यावर उभा-आडवा घ्यायच्या आणि अशी सुरगाठ मारायच्या, की एक टोक ओढलं की पुडी अलगद उघडावी. दोरा बोटाला लागला की नसरीन समजायची, आत काच आहे.

दिवाळीनंतर अरुणाकाकू वारल्या. नसरीन त्या दिवशी निवडायला बसली नाही. पुढच्या खेपेला बसली, तर चौगुल्यांच्या पिशवीत काचेची पुडी. तीच सुरगाठ.

"काका शिकलं वाटतं," रफिक म्हणाला.

काका म्हणजे अरुणाकाकूंचे यजमान धनपाल, बँकेतून निवृत्त झालेले. बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणून हा माणूस जन्मभर चपला घालून बँकेत गेला होता. पण दुःख माणसाला काहीही शिकवतं, असं रफिकनं मनाशी ठरवलं.

मग शेजारच्या घरातून पुडी आली. मग पलीकडच्या गल्लीतून.

"बघा, माणसं सुधारली," नसरीन हरखून म्हणाली.

रफिकला ही बातमी पचेना. एकच गोष्ट दोन गल्ल्यांनी सारखी केल्याचं त्यानं कोल्हापुरात आजवर पाहिलं नव्हतं.

तो खरा चरकला तो परमिट रूमच्या पोत्यानं. शनिवारच्या हाणामारीत फुटलेल्या बाटल्या, एकूण एक, पुड्यांत बांधलेल्या. बिअरचा आंबूस वास, आणि वर फुलपुडीचा दोरा. दोऱ्यात झेंडूची सुकी पाकळी.

"काकू त्या दारावरनं जाताना नाकाला पदर लावायच्या," नसरीन हळूच म्हणाली.

रफिकनं परमिट रूमच्या मालकाला, उदयसिंहला गाठलं.

"पुड्या? आमी?" उदयसिंह खदखदून हसला. "अरं, आमची पोरं काच फावड्यानं भरत्यात, ती बी शिव्या देत. तू घेऊन आलायस काय सकाळी सकाळी?"

रफिक केळ्यांची फणी घेऊन चौगुल्यांकडं गेला.

"काका, पुड्यांचं आभार मानायला आलोय."

"माझे कशाला? मला वाटलं, तूच करालायस." धनपालांनी देवघराखालचा खण ओढला. आत दोऱ्याचा गुंडा होता, लिंबाएवढा. "तिचा हाय. ती गेली तवा नारळाएवढा होता. मी हातबी लावला नाही."

रफिकनं हात मागं घेतला. "भ्या वाटत न्हाय, काका?"

"कशाचं? जन्मभर ती कामात आणि मी पेपरात. आत्ताबी तसंच चाललंय की." धनपाल हसले, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. "एवढंच, की पेपराचं आतलं पान सापडत नाही."

"मग नवीन दोरा?"

"फुलपुडी बंद केली मी. देवाला अक्षता चालतात."

बँकेतला माणूस. खर्च कापायची सवय.

मग दोरा संपला. कुणी सांगायची गरज पडली नाही. एका सकाळी पिशवीत उघडी काच आली. इतक्या महिन्यांत नसरीनचा हात निर्धास्त झाला होता. तिनं तो थेट तळापर्यंत घातला.

मधलं बोट हाडापर्यंत चिरलं. आठवड्यात सुजलं, मग काळं पडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, हुंगली आणि खिडकीकडं बघत सांगितलं, "उद्या सकाळी बोट काढायला लागंल. नाहीतर हात."

नसरीनला तिथं ठेवून रफिक पळत चौगुल्यांकडं आला. खण ओढला. रिकामा.

धनपालांनी चपला घातल्या आणि बाजारातल्या फुलवाल्यांची अख्खी रांग विकत घेतली. मग दोघं देवघरासमोर मांडी घालून बसले आणि फुलपुड्या सोडू लागले. रफिक टोकाला टोक जोडत होता, धनपाल गुंडाळत होते. बघता बघता देव झेंडू-शेवंतीखाली दिसेनासे झाले.

"देव काय म्हणंल, काका?"

"इतके दिवस अक्षतांवर काढले. काय म्हणत नाही."

गुंडा खणात गेला. खण लावताना धनपाल स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले, जणू चहाच सांगतायत, "अगं, नसरीनचं तेवढं बघ."



सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. बोट गुलाबी होतं. नुसतं भरलेलं नव्हे. कोवळं, नखासकट, तान्ह्या पोराचं असावं तसं. लहानपणी तव्यानं भाजलेला डागही नव्हता. डॉक्टरांनी दुसरा हात उलटसुलट करून पाहिला.

"कुठलं बोट म्हणालो होतो मी?"

नसरीन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. रफिकनं वॉर्डात पेढे वाटले. डॉक्टरांनी एक घेतला आणि बराच वेळ हातातच धरला.

घरी आल्यावर नसरीन आधी शेडमध्ये गेली. तिच्या बसायच्या पाटावर पुडी होती.

लांबट. बोटाएवढी.

सुरगाठ. आजचाच पेपर.

कागद खालून ओलसर झाला होता.

रफिकनं ती तळहातावर घेतली. काचेसारखं काही वाजलं नाही. पुडी मऊ होती.

नसरीननं ओढणी डोक्यावर घेतली, डोळे पुसले. "काकू, तुमचं लई उपकार झालं," ती म्हणाली, आणि ते तिच्या अगदी आतून आलं होतं. मग सवयीनं तिनं दोन्ही डबे पुढं ओढले.

"ओ, कशात टाकायची? ओल्यात का सुक्यात?"

आयुष्य कचऱ्यात गेलेल्या रफिकनं आधी ओल्याच्या डब्याकडं पाहिलं, मग सुक्याच्या. मग तळहाताकडं.

पुडी मधोमध हळूच वाकली, आणि परत सरळ झाली.