लिफ्ट बंद आहे

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली, तेव्हा आत दोघंच होते. सातव्या मजल्यावरची संशोधक, आणि मनगटाला ग्रीस लागलेला लिफ्टचा मेकॅनिक.

“तुम्ही आत असतानाही अडकते?”

“अडकली नाही, मी थांबवलीय. जरा आवाज ऐकायचाय. चार वर्षांत ही एक दिवस बंद नाही पडली.” त्याने अशा थाटात सांगितलं, की तिला हसू आलं. “तुमचं काय चालतं वर?”

“क्वांटम संगणक. तेवीस दवाखान्यांना रक्त पोचवायचं, गाड्या चार. कोणती कुठून गेली तर वेळ कमी लागेल? पर्याय मोजता मोजता साधा संगणक घामाघूम होतो.”

“आणि तुमचा?”

“आमचा… रुसलाय.” तीन आठवडे उत्तरं चुकत होती. शुक्रवारी संचालकांसमोर बरोबर आली नाहीत, तर मशीन दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. “चुका ओळखायला एक शिकणारा प्रोग्राम जोडला. तो म्हणतो, गडबड रोज साडेनऊ, एक आणि साडेपाचला होते. का, ते काही त्याला सांगता येत नाही.”

मेकॅनिक तिच्याकडे बघतच राहिला. “त्या तर माझ्या गर्दीच्या वेळा — सगळे चढतात, सगळे उतरतात. तुमच्या भिंतीपलीकडून टनभर लोखंडी वजन वर-खाली जातं, बाई.”

तिचे कान तापले. लोखंड हललं की चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि तेवढंही तिच्या मशीनला सोसत नाही, हे ती दुसऱ्यांना शिकवायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! राग यायला हवा होता. पण ते हसरे डोळे बघून… आलाच नाही.

शुक्रवारी त्याने आपल्या हाताने लिफ्ट बंद केली आणि खाली पाटी लावली. वर साडेनऊ वाजले, एक वाजला, तरी उत्तर ढळलं नाही. साध्या संगणकावर ताडून पाहिलं, तिथेही तेच आलं.

“आपल्या गटाने कमाल केली,” संचालक म्हणाले.

“चुकांची वेळ प्रोग्रामने दाखवली, सर. कारण लिफ्टच्या मेकॅनिकनी सांगितलं. अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव जाईल.” हे सांगताना तिचा ऊर भरून आला, स्वतःच्या यशाने आला नसता इतका.

मग ती सात मजले पायऱ्यांनी उतरली. तो शेवटच्या पायरीवर बसून सकाळपासून लोकांची बोलणी खात होता.

“जमलं?”

“जमलं. तुमचं नाव छापून येणार आहे.”

तो मनगटावरचं ग्रीस उगाच पुसत राहिला.

“चार वर्षांचा विक्रम मोडलात… मशीनसाठी?” तिने विचारलं.

“लोकांना तसंच सांगितलंय.”

“आणि खरं?”

“खरं म्हणजे — तुमच्यासाठी.”

ती त्याच्या शेजारी बसली. “मलाही तुम्ही आवडता. हे कळायला मात्र तीन आठवडे लागले नाहीत.”

इतक्यात एक गृहस्थ फायली सांभाळत आले. “अहो, लिफ्ट अजून बंदच?”

मेकॅनिक उठू लागला. तिने त्याची बाही धरली.

“हो काका, अजून थोडा वेळ,” ती म्हणाली, आणि त्यांना वाट द्यायला त्याच्या आणखी जवळ सरकली.