साईनाथने काढलेली घरघर

सातपूरच्या त्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात मी इलेक्ट्रिक गिटार दिली ती फक्त सॉकेट सैल झालं म्हणून. परत घ्यायला गेले, तार छेडली आणि डोकंच फिरलं माझं. गिटारीचा टणटणीत, धारदार आवाज गायब. त्या जागी काहीतरी जाड, गुबगुबीत, पांघरुणातून बोलल्यासारखं.

"जुन्या पिकअपमधून घरघर येत होती," दुकानातला साईनाथ म्हणाला. वर हसलासुद्धा. दिवसभर मोटारी दुरुस्त करणारा माणूस, घरघर म्हणजे बिघाड एवढंच त्याला ठाऊक. म्हणून तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा माझा सिंगल-कॉइल पिकअप काढून त्याने हंबकर नावाचा दुसरा पिकअप बसवला होता. त्यात दोन कॉइल असतात, एकमेकींच्या उलट, त्यामुळे घरघर आपोआप कटते, असं तो मला समजावत होता. मला!

मीही ऐकवलं. घरघरीबरोबर वरचा खणखणीतपणाही जातो, तो कोण देणार? आज सातला कॉलेज रोडच्या कॅफेत मी पहिल्यांदा स्वतःचं गाणं वाजवणार होते, आणि ते सुरूच होतं सुट्या, लख्ख स्वरांनी. जुना पिकअप परत लावा, आत्ताच्या आत्ता.

त्याचा चेहरा उतरला. काढताना जुन्या पिकअपची केसाएवढी बारीक तार तुटली होती.

मग काय... तो कॉइल नव्याने गुंडाळायला बसला आणि मी समोर स्टुलावर बसून त्याची खरडपट्टी काढत राहिले. तो वेढे मोजत होता, त्यामुळे बोलता येईना, नुसती मान डोलवायचा. बोटं मात्र इतकी हळुवार, की माझंच भांडणावरून लक्ष उडायला लागलं. त्याचाही मला राग आला.

तेवढ्यात भिंतीवरची त्याची स्वतःची गिटार दिसली. पिकअपच्या जागी नुसतं भोक.

"तो हंबकर तुमचा होता?"

त्याने शेवटचा वेढा घेतला, मग मान वर केली. "कार्यक्रम आहे म्हणाला होतात ना... स्टेजवर घरघर झाली असती, लोक हसले असते. मला नसतं बघवलं."

"मग मला विचारायचं होतं."

"तुम्ही नकोच म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारायचं होतं."

पिकअप बसवून त्याने गिटार माझ्या हातात दिली. मी तार छेडली. बारीक घरघर, आणि तिच्यावरून स्वच्छ निघालेला माझा आवाज. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

गिटार खांद्याला लावून दारापर्यंत गेले, तर मागून तो म्हणाला, "एक विचारू? ...आज ऐकायला येऊ?"

"या," मी म्हणाले. "पुढेच बसा. माझा राग अजून गेलेला नाही... आणि एका कार्यक्रमात जाईलसं वाटत नाही."