मापाचं जाळं

जाळं विणायला बसायचं तर आधी मासा डोळ्यांपुढे आणायचा. डोकं आत जावं आणि अंग अडकावं, एवढंच गाठींमधलं घर, म्हणजे भोक, ठेवायचं. हे तिला बापानं शिकवलं होतं. आता हात असा बसला होता की नवऱ्याच्या बोटीचं जाळं ती गप्पा मारता मारता विणायची.

म्हणून त्या दिवशी नवरा हात हलवत परतला, तेव्हा तिचा पारा चढला.

"जाळं कुठंय?"

"डॉल्फिन गुरफटली त्यात. सोडवत बसलो असतो तर दिवस गेला असता. दिलं कापून समुद्रात."

"तिच्यासकट?"

"मग काय, तिच्या पाया पडू?"

तिचा धाकटा भाऊ त्याच बोटीवर असे. तो खाली बघत म्हणाला, "ताई, ती बराच वेळ ओरडत होती."

पुढच्या आठवड्यात तेच जाळं नव्या जाळ्याला अडकून वर आलं. त्यात डॉल्फिन नव्हती, साधं हाडही नव्हतं. नवऱ्यानं खुशीत ते अंगणात पसरलं. तिनं चाचपून पाहिलं. फाटलेला भाग कुणीतरी सांधला होता. दोरा तिचाच, पण गाठी तिच्या नव्हत्या. उन्हातही ओल्या होत्या, आणि प्रत्येकीवर बारीक दातांचे वण होते.

तिथली घरंही मोठी होती.

"एवढ्या डोक्याचा मासा कुठला?" ती पुटपुटली.

"हा काय!" म्हणत नवऱ्यानं हसत एका घरात डोकं घातलं. घर कानांवरून अलगद उतरलं आणि खांद्यांवर नेमकं बसलं. बाहेर निघेना. त्याचं हसू विरलं. तिनं धावत जाऊन सुरी आणली आणि दोरा कापला.

दुसऱ्या दिवशी ते जाळं लांब खोल पाण्यात टाकायला नवरा आणि भाऊ गेले. दुपारी भाऊ एकटाच परतला.

"दाजी नुसते वाकले, ताई. पडले नाहीत. कुणीतरी आत घेतल्यासारखे गेले. ओरडलेसुद्धा नाहीत."

बोटीच्या मागे जाळं लागून आलं होतं. कापलेलं घर पुन्हा सांधलेलं. शेजारी आणखी एक, नवं.

भाऊ पुढे झाला. तिनं त्याचा दंड धरला. "लांब राहा!"

"माझ्या मापाचं नाही हे," तो हळूच म्हणाला. "लहान आहे."

ती वाकली. नव्या गाठीत दोऱ्याबरोबर एक लांब केस आवळलेला होता. तिनं तो चिमटीत धरून ओढला.

कळ तिच्या टाळूत उठली.