अंजनाचा वाडगा

"जमादार साहेब, लवकर चला! कस्तुरचंद शेठच्या घरी चोरी झाली!"

पुंजाजी जमादारांनी डोक्यावर टोपी चढवली आणि सायकल काढली. शिरपुरात शेठच्या घरी चोरी म्हणजे सोनंनाणंच गेलं असणार, असं कोणालाही वाटलं असतं. पोचून पाहतात तर तिजोरी शाबूत, दागिने शाबूत. गेला होता मातीचा एक वाडगा.

"मातीचा?" पुंजाजींनी पुन्हा विचारलं.

"जपानी मातीचा," शेठ म्हणाले. म्हातारा रडवेला झाला होता. तरुणपणी ते मोत्यांच्या धंद्यात कोबे शहरी राहिले होते. येताना हातानं घडवलेले चहाचे वाडगे घेऊन आले. लोकांनी शोकेसमध्ये मांडले असते. शेठ मात्र त्यांतून रोज चहा पीत. "गेला तो सगळ्यात चांगला. काळा, खरबरीत. त्याले झिलई नाही, म्हणून माती पाणी पेते. बुडवून ठेवला तर दोन-दोन दिवस वाळत नाही. सोमवारी मी उन्हात खडखडीत वाळवला, पेटीत घातला अन् डोळे दाखवाले अकोल्याले गेलो. आज येऊन पाहतो तर पेटी रिकामी."

"त्यातून तुमीच चहा प्यायचे?"

शेठ जरा घुटमळले. "नाही. अंजना प्यायची."

अंजना म्हणजे घरची धुणीभांडी करणारी. वर्ष-दीड वर्षापासून रोज सकाळी काम आटोपलं की शेठ तिला ओसरीवर बसवत, स्वतः चहा ओतत आणि हा वाडगा तिच्या हाती देत. "जपानात पाहुण्याले सगळ्यात चांगला वाडगा देतात. मले दिला होता. माही जात कोणी विचारली नाही," ते म्हणाले.

आता गावात अशी गोष्ट झाकून राहते होय? पेठेत कुजबुज व्हायची, अंजनाच्या मोहल्ल्यातही व्हायची. शेठ कोणाचं ऐकत नसत.

पुंजाजींनी शेठाणी पानाबाईंना विचारलं, "पेटी कुठं असते, कोणाकोणाले माहीत?"

"घरात सगळ्याईले. कुलूप कुठं हाय त्याले!" पानाबाई वैतागल्या होत्या. "ह्या घरात काही जागेवर राहत नाही. मंगळवारपासून मागची बादली राखेच्या पाण्यानं भरून पडली होती. शिळ्या पाण्यात जीव पडतात, पाप लागते, हे काय मले सांगा लागते? काल सांजच्याले पाहतो तर रिकामी."

"कोणी भरली होती?"

"कोण कबूल करते?"

सून गुलाबबाई दाराआड उभी होती. नवरा बाजाराला गेलेला. ती शांतपणे म्हणाली, "मले विचारसान तर, वस्तू ज्याच्या तोंडी लागली त्यालेच तिची चटक असते. तिच्या घरी पाहा."

अंजना तिथेच उभी होती. जुलैपासून तिला बालवाडीत मदतनीस म्हणून घेणार होते. चोरीचा आळ आला की ते गेलंच, आणि गावात तोंड वर करून चालणंही गेलं.

"म्या नाई घेतला, जमादार. कायले घेऊ? रोज तर देत होते."

"कोणावर वहीम?"

"कोनावर नाई. समदे चांगले वागतात. सूनबाई तर काल सांजच्याले माह्या घरी आल्या, लुगडं द्याले. माह्या दारात पैल्यांदाच. म्या सतरंजी आणाले मागं गेली, येतो तं निंगून गेल्या होत्या. पाणीबी नाई घेतलं."

"अंजना," शेठ हळूच म्हणाले, "घेतला असशीन तर सांगून टाक. मी काही नाही म्हणत."

अंजनानं त्यांच्याकडे पाहिलं. मघापासून एवढे आरोप झाले, पण डोळ्यांत पाणी आलं ते आत्ता. "चला. पाहा माहं घर," ती म्हणाली.

घर लहानसंच होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दाराशी ज्वारीची कणगी. अंगणातल्या दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. पुंजाजींनी ते चाचपलं आणि विचारलं, "हेच का दिलेलं? धुतलंस?"

"धुतलं कुठं? ओलसरच होतं, म्हून दोरीवर टाकलं."

पुंजाजींनी कणगीत हात घातला. ज्वारीत कोपरापर्यंत गेलेला हात थांबला. बाहेर आला तेव्हा हातात काळा वाडगा होता.

बाहेर जमलेल्या लोकांत एकच कालवा झाला. "अरारा! अंजनानं नाक कापलं!" अंजना पुढं होऊन कणगीत डोकावली.

पुंजाजी मात्र वाडग्याकडेच पाहत होते. बुडाला ज्वारीचे दाणे चिकटले होते आणि ते फुगले होते. त्यांनी वाडगा रुमालात गुंडाळला नाही की पिशवीत टाकला नाही. दोन्ही हातांनी धरून शेठच्या ओसरीवर आणला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. मग बिडी ओढत बसले. बिडी संपल्यावर वाडगा उचलला. कागदावर ओलं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"शेठजी, सोमवारी हा खडखडीत वाळला होता म्हणता?"

"माह्या हातानं वाळवला."

"मग आज ओला कसा? कणगीत तर पाणी नाही."

"धुतला असन तिनं," गुलाबबाई चटकन म्हणाली.

"नुसता विसळला तर?" पुंजाजींनी शेठना विचारलं.

"वरचं पाणी लगेच वाळते. एवढा ओला म्हणजे दिवसभर तरी बुडवून ठेवला असन."

"बरोबर." पुंजाजी उठले. "चोर चोरलेली वस्तू लपवते. दिवसभर पाण्यात घालून नाही ठेवत. अन् आपल्याच पोटाच्या ज्वारीत ओलं भांडं कोणती बाई खुपसन? दाणे सडतीन, हे लेकरालेबी समजते. मग हा पाण्यात घातला कोणी? ज्याले उघड्या हातानं धराच्या आधी तो राखेच्या पाण्यानं शुद्ध करून घ्यावा वाटला त्यानं. अंजनाच्या ओठाले लागलेला वाडगा ज्याले उचलवत नव्हता त्यानं. मंगळवारी मागची बादली राखेच्या पाण्यानं भरली. काल सांजच्याले रिकामी झाली. त्याच सांजेले एक लुगडं अंजनाच्या घरी गेलं, ते ओलसर होतं, कारण वाडगा त्यातच गुंडाळला होता. अंजना सतरंजी आणाले मागं गेली, अन् कणगी दाराशीच हाय. बरोबर ना, गुलाबबाई?"

ओसरीसमोर जमलेली पेठेतली माणसं गुलाबबाईकडे वळली. पानाबाईंनी कपाळावर हात मारला.

"बोल पोरी," शेठ म्हणाले.

"काय बोलू?" गुलाबबाईचा आवाज फाटला. "रोज सकाळी ती इथं बसून चहा पेते अन् पेठेतल्या बाया माह्याकडे पाहून हसतात! माह्या माहेरून कोणी जेवाले येत नाही! तुमाले कोणी सांगून ऐकलं का? म्हटलं, चोरीचा डाग लागला तर ती आपोआप जाईन. मले वाडगा नव्हता पाहिजे. मले ती नव्हती पाहिजे!"

"चोरी न करता तिले चोर केलं," पुंजाजी म्हणाले. "अन् तेबी कसं? आधी आपले हात सोवळे ठेवून."

गुलाबबाई पदरात तोंड लपवून रडू लागली. पुंजाजींनी अंजनाकडे पाहिलं. "तक्रार लिहू?"

तेवढ्यात शेठ उठले. चहा गाळला, काळ्या वाडग्यात ओतला आणि सगळ्या पेठेदेखत तिच्यासमोर धरला. "घे बाई. हा तुझाच हाय. मी घरी घेऊन जा म्हणतो."

अंजनानं वाडगा घेतला नाही.

"शेठजी, दीड वर्ष तुमी मले पाजलं. म्या पेली. पण मघाशी तुमीबी इचारलं, घेतला का म्हून." तिनं डोळे पुसले. "तक्रार नाई लिहाची, जमादार. चोरीचा आळ खोटा होता, एवढं बालवाडीवाल्याईले सांगजा. अन् शेठजी, तुमाले खरंच वाटत असन, तर उद्या माह्या घरी या. माह्या कपात पेजा."

पेठेतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पानाबाई "अहो" म्हणाल्या आणि थांबल्या.

कस्तुरचंद शेठनं वाडगा पानाबाईंच्या हाती दिला. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"उद्या कायले?" ते म्हणाले. "आत्ताच चाल."